एकमताच्या खोलीतलं टेबल

मित्रांनो, मी टेबल आहे. वय विचारलंत तर नेमकं सांगता येणार नाही, पण माझ्याभोवती पहिल्यांदा बसलेल्या माणसांची नातवंडं आता चष्मा लावायला लागली आहेत. न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून आलं की डाव्या हाताला जी खोली लागते, तिथे मी असतो. वय झालं की माणसं निवांत होतात असं ऐकतो. माझं तसं झालं नाही. खोली रिकामी असली, खिडक्या लावलेल्या असल्या, तरी माझ्यावर कोणीतरी बोटं वाजवत बसलंय असं मला वाटत राहतं. हे केव्हापासून वाटतं आणि का वाटतं, ते आज सांगतो.

टेबल होण्याआधी मी एका लाकडी पुलाच्या तुळया होतो. नदीवर नवा पूल झाला, जुना उतरवला गेला आणि त्याचं लाकूड एका सुताराच्या अंगणात येऊन पडलं. एक दिवस न्यायालयाचा कारकून तिथे आला.

"नऊ माणसं बसतील असं टेबल हवंय," तो म्हणाला. "गोल करा. कोणी वरच्या बाजूला बसायला नको."

"करतो की," सुतार म्हणाला. "पण गोल टेबलालासुद्धा लोक वरची बाजू शोधून काढतात, साहेब."

कारकून हसला. मग त्यानं सुताराला समजावून सांगितलं. खटला चालला की न्यायाधीश सगळं ऐकतात, कायदा काय म्हणतो ते सांगतात. पण आरोपीनं गुन्हा केला की नाही, हे ते ठरवत नाहीत. ते ठरवतात नऊ साधी माणसं, मतदारांच्या यादीतून सोडत काढून निवडलेली. त्यांना ज्यूरी म्हणतात. ती एका बंद खोलीत बसतात, आणि नवांचं एकमत झाल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

"ही माणसं कायदा शिकलेली?" सुतारानं विचारलं.

"छे. तुमच्याआमच्यासारखी."

सुतारानं माझ्यावरून हात फिरवला. "मग आणखी एकदा घासतो," तो म्हणाला, आणि रंधा मारून ठेवलेलं लाकूड त्यानं पुन्हा हाती घेतलं.

खोलीचं दार अरुंद निघालं, म्हणून मला दोरानं खिडकीतून आत घेतलं. त्या दिवसापासून माझी नोकरी सुरू झाली. मित्रांनो, ते दिवस चांगले होते. सायकल चोरीचा खटला असो की हाणामारीचा, नऊ अनोळखी माणसं आत यायची, आधी एकमेकांच्या चपलांकडे बघायची, मग हळूहळू बोलायला लागायची. कोणी कोपर टेकायचं, कोणी मूठ आपटायचं. एक नर्सबाई बोलताना माझ्यावर बोटानं रस्त्याचा नकाशा काढायची. तीन दिवस कडाकडा भांडलेली माणसं जाताना एकमेकांचे पत्ते लिहून घ्यायची. खोलीबाहेर एक शिपाई बसायचा, सगळे त्याला काका म्हणायचे. न्यायाधीशसाहेब पाहुण्यांना खोली दाखवायला आणायचे तेव्हा माझ्यावर हात ठेवून म्हणायचे, "या टेबलावरून उठलेला शब्द माझ्या शब्दापेक्षा मोठा असतो." मला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू.

मग कंपाउंडरचा खटला आला.

औषधाच्या दुकानात काम करणारा तो तिशीतला माणूस. एका वडिलांनी आपल्या दोन वर्षांच्या मुलासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणली. कंपाउंडरनं औषध बनवून दिलं. त्या संध्याकाळी मूल झोपलं ते उठलंच नाही. औषधातला एक जालीम घटक दहापट पडला होता. चिठ्ठीवर डॉक्टरांनी त्या घटकाचं माप लिहिलं होतं: आधी एक टिंब, मग पाचाचा आकडा. म्हणजे अर्धं माप. कंपाउंडर म्हणत होता, मी बघितलं तेव्हा तिथे टिंब नव्हतं, नुसता पाच होता. डॉक्टर म्हणत होते, टिंब मी दिलं होतं, यानं धड बघितलं नाही. टिंब असेल तर चूक कंपाउंडरची, नसेल तर डॉक्टरांची. सगळा खटला त्या एका टिंबावर उभा होता.

आणि चिठ्ठीवर टिंब होतं. सगळ्यांना दिसत होतं.

नऊ जण आत आले. एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांना प्रमुख केलं होतं. दाराकडे तोंड करून ते जिथे बसले तीच माझी वरची बाजू झाली. त्यांच्या उजवीकडे बसचा कंडक्टर, मग शिवणकाम करणाऱ्या एक बाई, आणि थेट समोर एक घड्याळजी. न्यायालयासमोरच्या रस्त्यावर त्याचं इवलंसं दुकान होतं. पन्नाशीचा, कमी बोलणारा. बाकीचे पाच जण हेडमास्तर म्हणतील त्याला मान डोलावणारे.

चिठ्ठी हातोहात फिरली. घड्याळजीपाशी आली आणि थांबली.

"मला हे टिंब बरोबर वाटत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे काय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"टिंबाला पाय फुटलेत."

कंडक्टर हसला. "टिंबाला पाय? दादा, ते टिंब आहे का मुंगी?"

घड्याळजी हसला नाही. त्यानं कागद माझ्यावर सपाट पसरला. "हे बघा. टिंब बरोबर घडीवर आलंय. कागदाला घडी घातली की तिथले तंतू मोडतात. मोडलेल्या जागी शाई पडली की ती घडीतून दोन्हीकडे पळते. माझ्याकडे घड्याळाच्या पत्र्यावर ओरखडा असला आणि तेलाचा थेंब त्यावर पडला, की असाच धावतो. आकडाही त्याच घडीवर आहे, तो कुठे पसरलाय? म्हणजे आकडा आधी, घडी नंतर, आणि टिंब त्याच्याही नंतर."

"मग डॉक्टरांनीच घडी घातली असेल आणि नंतर टिंब दिलं असेल."

"मुलाचे वडील साक्षीत काय म्हणाले? शाई ओली होती म्हणून मी कागद उघडाच धरून दुकानात नेला. घडी कंपाउंडरनं घातली, औषध देऊन झाल्यावर. आणि दुसऱ्या दिवशी वडील तोच कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले होते जाब विचारायला. पोलीस येईपर्यंत दोन दिवस तो तिथेच होता."

चिठ्ठी पुन्हा फिरली. प्रत्येकानं डोळे बारीक करून बघितली.

"मला तर नुसतं टिंब दिसतंय," शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, आणि त्या खरंच बोलत होत्या.

"दादा, एवढ्या मोठ्या डॉक्टरनं असलं काही कशाला करायचं?" कंडक्टर म्हणाला.

"मी डॉक्टरांबद्दल बोलतच नाही. टिंबाबद्दल बोलतोय. माझं भिंग असतं तर दाखवलं असतं. दुकान समोरच आहे."

"बाहेरची वस्तू इथे चालत नाही," हेडमास्तर म्हणाले. "न्यायालयात जे समोर आलं तेवढंच आपण बघायचं. तसा कायदा आहे."

हे मात्र बरोबर होतं. पण कायद्यात आणखी एक वाट होती, आणि ती घड्याळजीला ठाऊक होती. "मग न्यायाधीशांना लिहून पाठवू. कागद तज्ज्ञाकडून तपासून घ्या म्हणू."

हेडमास्तरांनी चष्मा काढून माझ्यावर ठेवला. "आणि मग? तज्ज्ञ येणार, पुन्हा साक्ष, पुन्हा उलटतपासणी. पंधरा दिवस जातील. त्या पोराच्या आईला आणखी पंधरा दिवस त्या बाकावर बसवायचं? तुम्हाला जे दिसतंय ते आठ जणांना दिसत नाही, तेवढ्यासाठी?"

"तिच्या हातात पोराचा मोजा असतो," शिवणकामवाल्या बाई खाली बघत म्हणाल्या. "रोज घेऊन येते. मी तिच्या शेजारून जाते ना, तेव्हा दुसरीकडे बघते."

मित्रांनो, ती माणसं वाईट नव्हती. हे मला तुम्हाला नीट सांगायचं आहे, कारण वाईट माणसांनी वाईट केलं असतं तर मी इतका अस्वस्थ झालो नसतो. त्यांना त्या आईची कणव होती. फक्त त्या कणवेत खोलीबाहेरचा दुसरा माणूस कोणालाच दिसत नव्हता.

घड्याळजी पहिला दिवस बोलला. दुसऱ्या दिवशी कमी बोलला. कोणी त्याच्यावर ओरडलं नाही, ओरडले असते तर तो कदाचित टिकला असता. ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले, घरी सगळे जेवायला थांबलेत आणि एकाचा अभ्यास संपत नाही, तसे. कंडक्टर माझ्यावर बोटं वाजवत होता. टक टक, टक टक. घड्याळजीचा अंगठा माझ्या कडेवर पुढे मागे फिरत होता. आजही त्या जागी माझी कड बाकीच्यापेक्षा गुळगुळीत आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "लिहा."

"काय लिहू?" हेडमास्तरांनी विचारलं.

"सगळे म्हणताय ते लिहा."

"तसं चालत नाही. तुमचं मत तुमच्या तोंडून यायला हवं."

घड्याळजीनं दोन्ही कोपरं माझ्यावर टेकली. मी पुलाचं लाकूड, माझ्यावरून गाड्या गेल्या आहेत, पण त्या घटकेचं ओझं वेगळं होतं. मला वाटलं, एकदा करकरावं, एक पाय मोडून कागद खाली सांडावेत, काहीतरी करावं. माझ्यानं काही झालं नाही.

"दोषी," घड्याळजी म्हणाला.

कंपाउंडरला चार वर्षांची शिक्षा झाली. औषधाच्या दुकानात पुन्हा काम करायचं नाही, असाही हुकूम निघाला.

त्या संध्याकाळी न्यायाधीशसाहेब एकटेच खोलीत आले. काका खुर्च्या नीट मांडत होता.

"काका, नवांचं एकमत व्हायला तीन दिवस लागले. कशावरून अडलं होतं कोण जाणे."

"तुम्हाला सांगत नाहीत ते?"

"नाही. दोषी किंवा निर्दोष, एक शब्द. कारण लिहायचं नाही, आणि मी विचारायचं नाही." त्यांनी माझ्यावर हात टेकले. "मला तो निकाल पटला की नाही, तेच मला कळत नाहीये. मी एकटा असतो तर काय केलं असतं, याचा विचार करतोय."

"एकटे असता साहेब, तर चूक झाली तरी एकट्याचीच झाली असती," काका म्हणाला आणि त्यानं खिडकी लावली.

पुढे दोन वर्षांनी एक समिती आली. ज्यूरी ठेवायची की बंद करायची, हे तिला ठरवायचं होतं. त्यातले एक कायद्याचे प्राध्यापक जगभर फिरून आले होते. माझ्याभोवती फेऱ्या मारत ते इतरांना सांगत होते. काही देशांत बारा माणसं असा निकाल देतात आणि न्यायाधीशानं मध्ये पडायचं नसतं. काही देशांत ज्यूरी नाहीच. न्यायाधीश स्वतः साक्षीदारांना प्रश्न विचारतो आणि निकालाचं कारण ओळ न् ओळ लिहून देतो. आणखी काही ठिकाणी न्यायाधीश आणि साधी माणसं एकाच टेबलाशी बसतात, एकत्र मत देतात.

"यातलं बरोबर कुठलं?" समितीतल्या एका बाईंनी विचारलं.

"प्रत्येक देशाला आपलंच बरोबर वाटतं," प्राध्यापक म्हणाले. मग पाणी घेऊन आलेल्या काकाकडे वळले. "तुम्ही इतकी वर्षं दाराशी आहात. तुम्हाला काय वाटतं?"

काका जरा बावरला. "मी बाहेर असतो साहेब, मला शब्द कळत नाहीत. पण आतून भांडणाचा आवाज आला की मला बरं वाटतं. आवाज बंद झाला की काळजी वाटते."

प्राध्यापकांनी ते लिहून घेतलं. तरी ज्यूरी बंद झाली. गावोगावच्या निकालांबद्दल तक्रारी फार होत्या, असं म्हणतात. माझ्या नऊ खुर्च्या नऊ कचेऱ्यांत गेल्या. खोलीत जुनी कागदपत्रं ठेवायला लागले आणि माझ्यावर छताला टेकेल एवढे गठ्ठे चढले. पाच वर्षं मी माणसाचा हात पाहिला नाही. वर वाळवी, खाली धूळ. एक पाय ओलीनं फुगला. पण मित्रांनो, त्याचं दुःख मी फार केलं नाही. मला दुसरंच खात होतं. त्या खोलीत काय घडलं हे जाणणारी नऊ माणसं शपथेनं बांधलेली होती आणि दहावा मी मुका होतो. तो कंपाउंडर आज कुठल्या कोठडीत असेल, सुटला असेल का, सुटून काय करत असेल, एवढंच डोक्यात फिरायचं. गठ्ठ्यांखाली दबलेल्या टेबलाला कूस बदलता येत नाही.

मग नव्या न्यायाधीशबाई आल्या. त्यांनी खोली रिकामी करवली, मला धुऊन पुसून घेतलं, सुजलेला पाय तासून घेतला आणि ती खोली आपल्या कामाची खोली केली. आता खटला ऐकायच्या त्याच, निकाल द्यायच्या त्याच आणि कारणं लिहायच्या त्याच. माझ्यापुढे त्यांनी दोनच खुर्च्या ठेवल्या. एकीत त्या बसायच्या, दुसरी रिकामी. निकाल लिहिताना त्या त्या रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारायच्या. "असं असेल तर मग त्यानं दार उघडं का ठेवलं?" खुर्ची काही बोलायची नाही. मग बाई पान फाडायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या.

"काका," त्या एकदा म्हणाल्या, "कारण लिहायला बसलं की आपलं कुठे चुकतंय ते निम्मं तरी हाताला लागतं. पण उरलेलं निम्मं दाखवायला समोर कोणीतरी हवं."

"पूर्वी नऊ जण असायचे, बाई."

"आणि ते लिहीत काहीच नसत," बाई म्हणाल्या आणि पेन उचललं.

एक दिवस त्यांच्यापुढे एक जाडजूड फाईल आली. कंपाउंडर शिक्षा भोगून सुटला होता आणि त्यानं खटला पुन्हा तपासावा असा अर्ज केला होता. मी ते नाव ऐकलं आणि माझ्या सगळ्या सांध्यांत कळ गेली. बाईंनी फाईल दोनदा वाचली. शेवटच्या पानावर आल्या, तिथे एकच शब्द होता. त्यांनी पान उलटून मागे बघितलं. मागे काही नव्हतं.

"का? का दोषी?" त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या. मी तिच्याजवळच होतो. मला सगळं ठाऊक होतं.

अर्जाची बातमी वर्तमानपत्रात आली. आठवडाभरानं कारकून एक पत्र घेऊन आला.

"बाई, त्या ज्यूरीतल्या एकाचं आहे. ज्यूरीतल्या माणसानं आत काय झालं ते कधीच सांगायचं नसतं. परत पाठवू का?"

"आधी वाचा तर."

कारकुनानं वाचलं. "माझा धंदा घड्याळदुरुस्तीचा आहे. त्या खोलीत कोण काय बोललं ते मी सांगत नाही आणि सांगणार नाही. पण चिठ्ठीवरचं टिंब घडीवर आहे. तेवढं एखाद्या जाणकारानं भिंगाखाली बघावं, अशी विनंती आहे."

बाई उठून उभ्या राहिल्या. "यात आतलं काही नाही. यात फक्त कागद आहे. दोन्ही वकिलांना प्रत द्या आणि कागदपत्रं तपासणाऱ्या तज्ज्ञाला बोलवा. सगळे इथेच बसू, या टेबलाशी."

त्या दिवशी माझ्याभोवती पुन्हा माणसं बसली. दोन वकील, कारकून, तरुण तज्ज्ञ त्याचं यंत्र घेऊन, न्यायाधीशबाई, घड्याळजी, आणि त्याच्यासमोर कंपाउंडर. त्याचे केस पांढरे झाले होते. आता तो कपड्यांच्या कारखान्यात खोकी बांधायचं काम करत होता, असं वकिलानं सांगितलं. ज्या टेबलावर आपलं आयुष्य ठरलं त्या टेबलाशी तो पहिल्यांदाच बसत होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते मांडीवर ठेवले.

"तुम्ही कुठली जागा म्हणता, ती दाखवा," बाई घड्याळजीला म्हणाल्या.

घड्याळजीनं खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि चिठ्ठीवर वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग त्यानं भिंग काढलं. "बाई, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. मला आता नुसता ठिपका दिसतो. पण जागा हीच."

तज्ज्ञानं कागद यंत्राखाली ठेवला. टक टक वाजवायला आज कंडक्टर नव्हता, तरी मला तो आवाज ऐकू येत होता.

"आकड्याची शाई घडीच्या रेषेवर तडकलीय," तज्ज्ञ म्हणाला. "म्हणजे आकडा घडीच्या आधीचा. टिंबाची शाई घडीच्या तंतूंत दोन्ही बाजूंना झिरपलीय. टिंब घडीनंतरचं. यात शंका नाही. बघा तुम्ही."

बाईंनी बघितलं. दोन्ही वकिलांनी बघितलं. मग कंपाउंडर म्हणाला, "मी बघू?"

तो पुढे वाकला. बघता बघता त्याचे हात मांडीवरून उठून माझ्यावर आले. "घडी मीच घातली होती," तो हळूच म्हणाला. "त्या वडिलांच्या वरच्या खिशात बसेना म्हणून."

बाई घड्याळजीकडे वळल्या. "तुम्हाला हे तेव्हा दिसलं..." आणि त्या मध्येच थांबल्या. "नाही. उत्तर देऊ नका. हे मी विचारायला नको होतं."

घड्याळजीनं मान खाली घातली. विचारलेला अर्धा प्रश्न माझ्यावर तसाच पडून राहिला. कंपाउंडरनं तो ऐकला होता.

बाई, वकील, कारकून आणि तज्ज्ञ शेजारच्या खोलीत टिपण लिहायला गेले. काका दाराशी उभा राहिला. आत ते दोघेच उरले.

"तुम्ही त्या नवांत होता," कंपाउंडर म्हणाला.

"होतो."

"आठवतं मला. आठ दिवस तुम्ही माझ्याकडे बघत होता. निकालाच्या दिवशी नाही बघितलंत."

घड्याळजीचा अंगठा माझ्या कडेवर गेला, त्याच जागी. "मला तुम्हाला..." त्यानं सुरुवात केली.

"नका सांगू." कंपाउंडर शांतपणे म्हणाला. "शपथ आहे म्हणून नाही म्हणत. तुम्ही सांगितलंत तर मला तुम्हाला माफ तरी करावं लागेल, नाहीतर नाही तरी म्हणावं लागेल. आज मला दोन्ही जमायचं नाही. आज मला फक्त घरी जाऊन आईला सांगायचंय."

"बरं," घड्याळजी म्हणाला.

थोड्या वेळानं कंपाउंडर म्हणाला, "पत्र मात्र तुम्ही लिहिलंत."

"उशीर केला."

"केलात," कंपाउंडर म्हणाला. घड्याळजीनं आणखी काही मागितलं नाही.

निकाल अकरा पानांचा झाला. बाईंनी तो माझ्यावर लिहिला, चारदा फाडून पाचव्यांदा. कंपाउंडर निर्दोष. टिंब नंतर दिलं गेलं, हे सिद्ध. ते कोणी दिलं हे सिद्ध झालं नाही, कारण डॉक्टर तीन वर्षांपूर्वीच वारले होते आणि त्यांच्या दवाखान्यात तेव्हा आणखी दोघं काम करत होती. बाईंनी तेही तसंच लिहिलं. "माहीत नाही" हे शब्द निकालात लिहिताना त्यांचा हात थोडा अडखळला, मग चालू लागला. त्या मुलाच्या आईला त्यांनी प्रत आपल्या हातानं दिली. ती आई काय म्हणाली ते मला ठाऊक नाही. ते जिन्यात घडलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता हे टेबल शांत झालं असेल. नाही झालं. चार वर्षं कोणी परत देत नाही, आणि ती आई दोनदा तुटली, मूल गेलं तेव्हा आणि हा निकाल आला तेव्हा. त्यानंतर मी प्रत्येक निकालाच्या वेळी कान देऊन ऐकायला लागलो. बाई एकट्या लिहायच्या तेव्हा वाटायचं, यांना कोणी थांबवणारं हवं. मग मला माझे नऊ जण आठवायचे. त्यांच्यात थांबवणारा होता की. त्यानं काय केलं?

गेल्या वर्षी कायदा पुन्हा बदलला. आता मोठ्या खटल्यात न्यायाधीशबाईंबरोबर दोन साधी माणसं बसतात. तिघांचं मत सारखंच मोजतात, आणि जे ठरेल त्याचं कारण बाई लिहितात. एखाद्याचं मत वेगळं असेल तर तेही त्याच निकालात, त्याच्या कारणासकट लिहायचं. हेच सगळ्यांत बरोबर, असं मी म्हणणार नाही. प्राध्यापकांनासुद्धा ते सांगता आलं नव्हतं.

परवा एका चोरीच्या खटल्यात लॉंड्री चालवणाऱ्या एक मावशी आणि एक विमा एजंट बसले होते. बाईंचं आणि एजंटाचं मत जुळलं. बाई लिहायला लागणार, तेवढ्यात मावशींनी पदर सावरला.

"मला हे पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "नीट सांगता येत नाहीये मला. पण पटलेलं नाही."

एजंटानं घड्याळात बघितलं. "मावशी, आता दोघांचं झालंय ना? तिसऱ्यानं काय फरक पडतो?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "सांगता येईल तसं सांगा, मावशी. आपण काही उठत नाही."

मावशी सांगायला लागल्या. अडखळत, मागे पुढे जात, मध्येच इस्त्रीचे दाखले देत. दीड तास सांगत होत्या. शेवटी त्यांचंच म्हणणं चूक निघालं, हे त्यांनी स्वतः कबूल केलं आणि ओशाळून हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मावशींनी घेतलेल्या तिन्ही शंका आणि त्यांची उत्तरं निकालात लिहून काढली.

मित्रांनो, टेबल म्हणून तुमच्याकडे मागायचं ते थोडंच आहे. माझ्यावर ओला पेला ठेवू नका, नावं कोरू नका, पाय हलायला लागला तर वेळीच बघा. एवढं केलंत तर मी आणखी बरीच वर्षं काढीन. आणि एक. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणाच्या तरी बाबतीत काही ठरवायला अशाच एखाद्या टेबलाशी बसाल, शाळेत, कचेरीत, घरी. सगळ्यांचं ठरलेलं असेल, सगळ्यांना जायची घाई असेल, आणि तुमच्या एकट्याच्या नजरेला काहीतरी खटकेल. तेव्हा अंगठ्यानं टेबलाची कड घासत बसू नका. आम्हा लाकडांना ते कळतं, पण आम्हाला सांगता येत नाही. तुम्ही सांगा, सांगता येईल तसं.